लिम्फोमावर विषाणूंचा उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिम्फोमाचे निदान झालेल्या घरात कधी ना कधी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक बातमी येऊन पोहोचते: गोवराच्या विषाणूने कॅन्सर नाहीसा झाला. बातमी खोटी नसते, पण अर्धी असते, आणि उरलेली अर्धी शोधण्यासाठी रुग्णाची मुले रात्ररात्र जागतात. अशा वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती वाचून कोणी आपला चालू उपचार बदलू नये. मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलताना त्यांचा उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

विषाणूने लिम्फोमाच्या पेशी मारायच्या म्हणजे नेमके काय करायचे?

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग आहे. या पेशींचे बी आणि टी असे दोन मुख्य प्रकार असून बहुतेक लिम्फोमा बी-पेशींपासून उद्भवतात, तर टी-पेशींचे लिम्फोमा तुलनेने विरळ असतात आणि त्यांतील बरेचसे उपचारांना कमी दाद देतात. विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. तो पेशीत शिरतो, तिचीच यंत्रणा राबवून स्वतःच्या असंख्य प्रती काढतो आणि बहुतेक वेळा ती पेशी फोडून बाहेर पडतो. ही एरवी रोग निर्माण करणारी क्रिया फक्त कर्करोगपेशींपुरती घडवून आणता आली, तर विषाणू हेच औषध ठरेल, अशी या उपचारामागची कल्पना आहे. अशा विषाणूंना ऑन्कोलिटिक विषाणू म्हणतात.

पेशी फुटणे हा या क्रियेचा अर्धाच भाग आहे. फुटलेल्या पेशीतून जी प्रथिने बाहेर सांडतात, ती रुग्णाच्या प्रतिकारशक्तीला प्रथमच स्पष्ट दिसतात. आजवर शरीराच्या नजरेतून निसटत राहिलेला कर्करोग त्यामुळे ओळखला जाऊ शकतो आणि ज्या गाठीपर्यंत विषाणू पोहोचलाच नाही, तिच्यावरही टी-पेशी हल्ला करू शकतात. काही रुग्णांमध्ये विषाणू शरीरातून नाहीसा झाल्यावरही परिणाम टिकून राहिला, त्याचे स्पष्टीकरण या दुसऱ्या भागात असावे, असे बहुतेक संशोधक मानतात.

निरोगी पेशी आणि लिम्फोमाची पेशी यांतला फरक विषाणूला कसा कळतो?

विषाणूला काही कळत नाही. फरक पेशींमध्ये असतो. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन नावाचे प्रथिन तयार करते. हे प्रथिन त्या पेशीला आणि शेजारच्या पेशींना सावध करते, आणि विषाणूची वाढ तिथेच खुंटते. कर्करोगपेशी झपाट्याने वाढण्याच्या मार्गावर अनेकदा ही सावधगिरीची यंत्रणा गमावून बसलेल्या असतात. निरोगी पेशींच्या वस्तीत जो विषाणू दोन-चार घरांपुढे जाऊ शकत नाही, तो अशा पेशींमध्ये मोकाट पसरतो.

दुसरा फरक पेशीच्या दारावर असतो. प्रत्येक विषाणूला पेशीत शिरण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर एखादे ठरावीक प्रथिन लागते. गोवराच्या लशीतला सौम्य केलेला विषाणू सीडी-४६ या प्रथिनाला चिकटतो, आणि हे प्रथिन अनेक कर्करोगपेशींवर नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात आढळते. गोवराच्या विषाणूचे दुसरे प्रवेशद्वार म्हणजे स्लॅम हे प्रथिन, जे मुख्यतः लिम्फोसाइटसारख्या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असते. म्हणूनच लिम्फोमाच्या संदर्भात गोवराचे नाव सारखे निघते. याउलट, प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा अॅडिनोव्हायरस बी-पेशींमध्ये सहजासहजी शिरत नाही, कारण त्याला लागणारे प्रथिन या पेशींवर फारसे नसते.

ही कल्पना मुळात आली कुठून?

रुग्णांच्या निरीक्षणातून, आणि तीही प्रयोगशाळेत विषाणू वाढवता येण्याच्या कितीतरी आधीपासून. १९०४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर जॉर्ज डॉक यांनी ल्युकेमिया झालेल्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली; फ्लूसारख्या आजारानंतर तिच्या रक्तातील बेसुमार वाढलेल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या होत्या. लिम्फोमाच्या बाबतीत सर्वांत अधिक उल्लेख होतो तो युगांडातील एका घटनेचा. कंपाला येथे लिम्फोमावरील उपचारासाठी उभारलेल्या केंद्रात १९७०च्या सुमारास एक आठ वर्षांचा मुलगा आला, ज्याच्या उजव्या डोळ्याजवळ बर्किट लिम्फोमाची मोठी गाठ होती. औषधोपचार सुरू होण्यापूर्वीच त्याला गोवर झाला, आणि अंगावर पुरळ असतानाच ती गाठ ओसरत गेली. अॅव्रम ब्लूमिंग आणि जॉन झीगलर या डॉक्टरांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. पुढे हॉजकिन लिम्फोमाच्या काही रुग्णांमध्येही गोवरानंतर गाठी लहान झाल्याची वृत्ते आली.

या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत हॉजकिन लिम्फोमाच्या २२ रुग्णांना काविळीचा विषाणू असलेले द्रव्य मुद्दाम टोचण्यात आले. त्यांतील काहींच्या गाठी काही काळ लहान झाल्या, पण अनेकांना कावीळ झाली आणि निदान एका रुग्णाचा तिच्यामुळे मृत्यू झाला. १९५०च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये वेस्ट नाइलसारखे विषाणू असाध्य कर्करोगाच्या रुग्णांना देण्यात आले, तेव्हाही काही जणांना मेंदूज्वर झाला. त्या काळात विषाणूत नेमका बदल करण्याचे तंत्र नव्हते. जसा निसर्गात सापडला तसाच तो दिला जात होता, आणि रुग्णाची संमती घेण्याचे नियमही आजच्यासारखे नव्हते. केमोथेरपी प्रभावी होऊ लागली तसा हा मार्ग मागे पडला, आणि १९९०च्या दशकात जनुकांमध्ये हवा तसा बदल करता येऊ लागल्यावर तो पुन्हा उघडला.

मग रुग्णाला गोवर होऊ दिला, किंवा गोवराची लस टोचून घेतली, तर चालेल का?

नाही. हे दोन्ही धोकादायक आहे, आणि या पानावरील इतर काही लक्षात राहिले नाही तरी एवढे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे घरात गोवर निघाला की दारी कडुलिंबाचा पाला लावण्याची आणि रुग्णाजवळ फार कुणाला न जाऊ देण्याची रीत होती. त्या रीतीमागे अनेक पिढ्यांनी या रोगात मुले गमावल्याची आठवण होती. निसर्गातला गोवर लिम्फोसाइटवर हल्ला करतो तेव्हा तो निरोगी लिम्फोसाइटही सोडत नाही. आधी झालेल्या आजारांची जी आठवण शरीराने जपून ठेवलेली असते, तीही तो पुसून टाकतो, आणि त्यामुळे गोवर बरा झाल्यानंतरही बराच काळ इतर संसर्गांचा धोका वाढलेला राहतो. केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅब (बी-पेशी नष्ट करणारे औषध) घेत असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण असते. अशा व्यक्तीत गोवर फुप्फुसांपर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

गोवराच्या लशीतही जिवंत विषाणू असतो, म्हणून प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना ती एरवी दिली जात नाही. चाचण्यांमध्ये गोवराचा विषाणू दिला गेला, पण तो तपासलेल्या निवडक रुग्णांना, रुग्णालयातील देखरेखीखाली आणि ठरवलेल्या मार्गाने. ज्या चाचणीने ही बातमी जगभर पोहोचवली, तिच्यातला एक डोस सुमारे एक कोटी माणसांच्या लसीकरणाला पुरेल इतक्या विषाणूंचा होता. दवाखान्यात मिळणाऱ्या लशीच्या कुपीतून तो परिणाम होणे शक्यच नाही. होईल तो अपायच.

विषाणूत बदल करतात म्हणजे काय बदलतात?

कधी एखादे जनुक काढून टाकतात, जेणेकरून निरोगी पेशीत विषाणूची वाढच होऊ नये. कधी एखादे नवे जनुक घालतात. कधी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन बदलून त्याला ठरावीक पेशींकडे वळवतात. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये स्टीफन रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवराच्या लशीतील एडमन्स्टन नावाच्या विषाणूवाणात माणसाच्या थायरॉइडमधील एक जनुक घातले. थायरॉइडच्या पेशी रक्तातील आयोडीन ओढून घेतात, ते या जनुकाच्या प्रथिनामुळे. विषाणू ज्या कर्करोगपेशीत शिरला, तीही आता आयोडीन ओढू लागते, आणि किरणोत्सारी आयोडीन दिले की विषाणू शरीरात कुठे पोहोचला ते स्कॅनवर प्रत्यक्ष दिसते. याच गुणाचा उपयोग करून पेशीच्या आतच किरणोपचार पोहोचवता येईल, असाही यामागचा विचार आहे.

माणसांवर, आणि विशेषतः लिम्फोमाच्या रुग्णांवर, आतापर्यंत काय दिसले आहे?

आधी प्राण्यांवर काय दिसले ते थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये वाढवलेल्या मानवी बी-पेशी लिम्फोमाच्या गाठी गोवराच्या लसविषाणूने ओसरल्या. युगांडातील त्या मुलाच्या निरीक्षणाला प्रयोगशाळेतला आधार मिळाला, तो असा.

त्यानंतर झुरिकमधील डॉक्टरांनी २००५ मध्ये त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमावरील छोट्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. इतर उपचार निष्फळ ठरलेल्या पाच रुग्णांच्या गाठींमध्ये गोवराची नेहमीची, म्हणजे बदल न केलेली, लस थेट टोचण्यात आली. निरोगी पेशींचे रक्षण व्हावे म्हणून त्याआधी इंटरफेरॉन देण्यात आले. टोचलेल्या बहुतेक गाठी लहान झाल्या आणि उपचार रुग्णांना सोसला. पाच रुग्णांवरून उपचार सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु त्वचेवरची गाठ डोळ्यांना दिसते आणि बोटांना लागते, त्यामुळे तिच्यात झालेला बदल नाकारणेही अवघड असते.

२०१४ मध्ये मेयो क्लिनिकने मायलोमाच्या दोन रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. वर सांगितलेला, थायरॉइडचे जनुक घातलेला गोवराचा विषाणू त्यांना शिरेवाटे एकदाच देण्यात आला होता. डोस होता सुमारे शंभर अब्ज विषाणूंचा. त्यांतील एका स्त्रीचा रोग अनेक महिने पूर्णपणे ओसरला, तर दुसऱ्या रुग्णाला मिळालेला लाभ अल्पकाळच टिकला. व्हॉट्सअॅपवर फिरणारी बातमी बहुधा हीच असते. मायलोमा हा लिम्फोमा नव्हे, पण तोही बी-पेशींच्याच वंशातला रोग आहे, म्हणून या निष्कर्षाकडे लिम्फोमाचे डॉक्टरही लक्ष देऊन पाहतात.

माझ्या मते लिम्फोमाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याची बातमी मात्र फारशी कुठे पोहोचली नाही. त्यात वेगळाच विषाणू होता: गायी-घोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू. त्यात माणसाच्या इंटरफेरॉन-बीटाचे आणि थायरॉइडमधील त्या आयोडीन ओढणाऱ्या प्रथिनाचे अशी दोन जनुके घातली होती. इंटरफेरॉनचे जनुक घालण्यामागचा विचार मला फार सुंदर वाटतो. हा विषाणू ज्या पेशीत वाढतो तिलाच इंटरफेरॉन तयार करायला लावतो. निरोगी पेशी ती सूचना ऐकून स्वतःचे रक्षण करतात, आणि ज्या कर्करोगपेशींची ऐकण्याची यंत्रणा बिघडलेली आहे त्या तेवढ्या मरतात.

इतर उपचारांनंतरही रोग उलटलेल्या एकूण १५ रुग्णांना हा विषाणू शिरेवाटे एकदाच देण्यात आला. सात जणांना मायलोमा, सात जणांना टी-पेशींचा लिम्फोमा आणि एकाला ल्युकेमिया होता. टी-पेशी लिम्फोमाच्या सातांपैकी तिघांना गुण आला: एकाचा रोग तीन महिने, तर दुसऱ्याचा सहा महिने अंशतः ओसरलेला राहिला, आणि तिसऱ्याचा रोग पूर्णपणे नाहीसा झाला, अहवाल लिहिला गेला तेव्हा त्याला वीस महिने झाले होते आणि तो तसाच बरा होता. मायलोमाच्या सात रुग्णांपैकी कुणालाही असा प्रतिसाद मिळाला नाही. एकदाच दिलेल्या सलाइननंतर वीस महिने रोग नसणे ही टी-पेशी लिम्फोमात साधी गोष्ट नाही. पण सातांपैकी चौघांना गुण आला नाही, हेही त्याच अहवालात लिहिलेले आहे, आणि आपल्या माणसाला कोणत्या गटात धरायचे हे आज कुणीही आधी सांगू शकत नाही.

हा व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू आपल्याकडच्या चांदीपुरा विषाणूचा नातलग आहे, असे वाचले. हे खरे का?

खरे आहे. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातील तापाच्या रुग्णांमध्ये आढळला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, तो वेगळा केला. दोन्ही विषाणू एकाच प्रजातीसमूहातले असून रेबीजचा विषाणू याच व्यापक कुळात मोडतो. चांदीपुरा लहान मुलांच्या मेंदूला गाठतो, म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्यांची भीती समजण्याजोगी आहे. उपचारासाठी वापरलेला विषाणू मात्र वेगळा आहे. मूळ स्वरूपातही त्याने माणसाला होणारा आजार बहुधा फ्लूसारखा सौम्य असतो. तरीही उंदरांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हे ठाऊक असल्यामुळेच इंटरफेरॉनचे जनुक घालून त्याला आणखी सौम्य करण्यात आले, आणि माणसांना देण्यापूर्वी त्याची सुरक्षितता डुकरांमध्ये तसेच कर्करोग झालेल्या पाळीव कुत्र्यांमध्ये तपासण्यात आली. डुकरे या विषाणूची नैसर्गिक यजमान आहेत. त्यांच्यात हा बदललेला विषाणू ना रोग निर्माण करू शकला, ना एकातून दुसऱ्यात पसरला.

लहानपणी गोवर होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल, तर उपचाराच्या विषाणूचा उपयोग होईल का?

ही या उपचाराची सर्वांत मोठी अडचण आहे. ज्याला गोवर झाला आहे किंवा लस मिळाली आहे, त्याच्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) असतात, आणि शिरेवाटे दिलेला विषाणू गाठीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती त्याला निष्प्रभ करतात. मेयो क्लिनिकच्या त्या दोन्ही रुग्णांमध्ये ही प्रतिपिंडे अत्यल्प होती, म्हणूनच त्यांची निवड झाली. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा लाभ असा, की हा जनावरांचा रोग असल्यामुळे बहुतेक माणसांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून नसतात. परंतु पहिल्या डोसनंतर काही आठवड्यांत ती तयार होतात, आणि दुसरा डोस वाया जाण्याची शक्यता वाढते. केमोप्रमाणे दर तीन आठवड्यांनी विषाणू देता येत नाही, त्याचे कारण हेच. यावर गाठीतच विषाणू टोचणे, रुग्णाच्याच पेशींमध्ये लपवून तो पाठवणे, किंवा प्रतिकारशक्ती थोडा काळ दाबणारी औषधे आधी देणे, असे मार्ग तपासले जात आहेत.

त्रास काय होतो? घरातल्या इतरांना संसर्ग होईल का?

विषाणू दिल्यावर काही तासांतच थंडी वाजून ताप येणे, अंग दुखणे, मळमळणे आणि रक्तपेशींची संख्या काही दिवस घटणे, हे परिणाम वारंवार दिसले. काहींचा रक्तदाब उतरला. प्रतिकारशक्ती एकदम उत्तेजित झाल्यामुळे होणारी दाहक प्रतिक्रियाही काही रुग्णांमध्ये आढळली, पण वर सांगितलेल्या १५ रुग्णांच्या चाचणीत ती सौम्य ते मध्यम होती. त्या चाचणीत लाळ आणि लघवीतून संसर्ग करू शकेल असा जिवंत विषाणू बाहेर पडताना आढळला नाही. तरीही चाचणी घेणारे डॉक्टर काही काळ लहान बाळे, गरोदर स्त्रिया किंवा जनावरे यांच्यापासून दूर राहायला सांगतील, तर ते काटेकोरपणे पाळावे. गोठा असलेल्या घरातल्या रुग्णाने ही गोष्ट आपणहून डॉक्टरांच्या कानावर घालावी.

कार-टी उपचारातही विषाणू वापरतात. मग तो हाच उपचार आहे का?

नाही, आणि महाराष्ट्रातल्या रुग्णांसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. कार-टीमध्ये रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढतात आणि वाढू न शकणाऱ्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात नवे जनुक पोहोचवतात. येथे विषाणूचे काम टपाल पोहोचवण्याचे असते; कर्करोगपेशी मारतात त्या बदललेल्या टी-पेशी. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल केंद्र आणि इम्युनोअॅक्ट ही कंपनी यांनी विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे उद्घाटन झाले. रोग उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या बी-पेशी लिम्फोमासाठी तो आज प्रत्यक्ष उपलब्ध आहे. तेव्हा बी-पेशी लिम्फोमाच्या रुग्णाने परदेशातील विषाणू-चाचणीची चौकशी करण्याआधी कार-टीविषयी विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल. टी-पेशी लिम्फोमासाठी मात्र हा मार्ग अद्याप तितका खुला नाही, आणि विषाणू-उपचाराकडे संशोधकांचे लक्ष लागण्याचे तेही एक कारण आहे.

असा विषाणू-उपचार भारतात मिळतो का?

लिम्फोमासाठी मान्यता मिळालेला ऑन्कोलिटिक विषाणू आज जगात कुठेही नाही. इतर कर्करोगांसाठी मात्र आहेत: चीनने २००५ मध्ये डोके व मानेच्या कर्करोगासाठी बदललेल्या अॅडिनोव्हायरसला, अमेरिकेने ऑक्टोबर २०१५ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी बदललेल्या हर्पीस विषाणूला आणि जपानने २०२१ मध्ये मेंदूच्या ग्लायोमासाठी आणखी एका हर्पीस विषाणूला मान्यता दिली. लॅटव्हियात २००४ मध्ये नोंदवलेल्या रिगव्हिर या विषाणू-औषधाचे उदाहरण सावध करणारे आहे. ते अनेक वर्षे परदेशी रुग्णांना विकले गेले, आणि औषधात सांगितल्यापेक्षा फारच कमी विषाणू असल्याचे आढळल्यावर २०१९ मध्ये त्याचे वितरण थांबवण्यात आले. त्यामुळे लिम्फोमावर विषाणूचा उपचार पैसे घेऊन देऊ करणारे कोणतेही केंद्र, मग ते कुठल्याही देशातले असो, संशयास्पद समजावे.

चालू केमो थांबवून अशा चाचणीची वाट पाहावी का?

पाहू नये. हॉजकिन लिम्फोमाचे बहुसंख्य रुग्ण आणि मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण आजच्या प्रस्थापित उपचारांनी बरे होतात. विषाणूच्या चाचण्यांमध्ये सहसा हे उपचार संपल्यानंतरही रोग उलटलेल्यांनाच घेतात. उपचार थांबवून वाट पाहणारा रुग्ण चाचणीसाठी पात्र ठरत नाही, आणि बरे होण्याची पहिली, सर्वांत मोठी संधी मात्र त्याच्या हातून जाते.

चाचणीत भाग घेण्याचा विचार असेल, तर आधी काय विचारावे?

प्रथम चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. भारतात १५ जून २००९ पासून प्रत्येक वैद्यकीय चाचणीची सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत आधी नोंद करणे बंधनकारक आहे, आणि ती नोंद कुणालाही पाहता येते. चाचणी पहिल्या टप्प्यातली असेल, तर तिचा मुख्य हेतू सुरक्षित डोस शोधणे हा असतो. रुग्णाला लाभ झाला तर तो त्या हेतूच्या पलीकडचा असतो, आणि हे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. आपल्या लिम्फोमाचा नेमका उपप्रकार कोणता, बायोप्सीचे ब्लॉक (जतन केलेले नमुने) पुन्हा तपासायला पाठवावे लागतील का, विषाणू शिरेवाटे देणार की गाठीत, त्यानंतर किती दिवस विलगीकरणात राहावे लागेल आणि या उपचारानंतर कार-टी किंवा स्टेमसेल प्रत्यारोपणाचा मार्ग बंद तर होणार नाही ना, हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास रुग्णाला मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क आहे. संमतीपत्रात तो नोंदवलेला आहे की नाही, हे सही करण्याआधी वाचून पाहावे. संमतीपत्र मराठीत मागावे, घरी आणून दोन दिवस वाचावे, आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, त्यामुळे नेहमीच्या उपचारावर परिणाम होत नाही, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी.